बँकेत पैसे, विभागात खडखडाट

विभागप्रमुखपद गळ्यात पडलं आणि पहिल्याच महिन्यात अंदाजपत्रकाचा कोरा तक्ता हातात आला. मी भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस. गेल्या वर्षीचे आकडे उचलले, प्रत्येकात १० टक्के वाढवले, खाली सही ठोकली. दोन दिवसांत तक्ता परत! समासात पेन्सिलीने एकच शब्द: 'का?'

तावातावाने लेखा विभागात गेलो. ताळेबंदात घसघशीत शिल्लक दिसत असताना आमच्या ३ ऑसिलोस्कोपांनाच (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारी यंत्रं) कात्री का?

लेखापाल मॅडमनी शिल्लकेच्या आकड्याखाली रेघ ओढली. "सर, यातलं आपलं किती, ते बघू." विद्यार्थ्यांची अनामत वजा, ती परत करायची, म्हणजे देणंच. पुढच्या सत्राची आगाऊ आलेली फी वजा. अजून शिकवलंच नाही, तर उत्पन्न कसलं? प्रकल्पाचं अनुदान वजा, ते त्याच प्रकल्पावर खर्चायचं. शिष्यवृत्तीसाठी कुणी ठेवलेला निधीही वजा. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. खाली जे उरलं त्यात २ महिन्यांचे पगारही भागत नव्हते. माझा आवाज आपोआप खाली आला.

खर्चाच्या बाजूला पगारच सगळ्यांत मोठे. बॉमोल आणि बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये यामागचं कारण वादकांच्या उदाहरणाने मांडलं होतं: चौघांसाठी लिहिलेली रचना वाजवायला शंभर वर्षांपूर्वी चौघे लागत, आजही चौघेच लागतात, मानधन मात्र बाकीच्या जगाबरोबर वाढत जातं. आमच्या तासाचंही तेच. (मी भरभर बोलून पाहिलंय. मुलं झोपतात.)

मग तक्ता पुन्हा शून्यापासून भरला. यंत्रखरेदी हा भांडवली खर्च, एकदाचा. पण प्रोब (यंत्राला जोडायच्या मापनाच्या तारा), कॅलिब्रेशन (यंत्र अचूक मोजतंय का ते तपासून जुळवणं), दुरुस्ती हे दरवर्षीचं, आणि तेच मी विसरलो होतो. या वेळी ३ ऐवजी १ ऑसिलोस्कोप मागितला, शेजारी देखभालीची रक्कम आणि कोणत्या प्रयोगाला किती मुलं ताटकळतात तो आकडा. मंजूर झाला.

वर्षअखेरीस स्टेशनरीत पैसे उरले आणि दुरुस्तीचे संपले. एका लेखाशीर्षातून दुसऱ्यात रक्कम वळवायलाही परवानगी लागते, हे तेव्हा कळलं. अर्ज घेऊन गेलो. मॅडमनी वाचला, पेन्सिल उचलली आणि नुसती कानामागे खोचली.