रॅम की एसएसडी? आधी टास्क मॅनेजर उघडा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत दुकानात जाऊन “पीसी लई स्लो झालाय, काय टाकू?” असं विचारलं, तर रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) किंवा एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी, आत काही न फिरणारी वेगवान डिस्क) असं उत्तर अंदाजानंच मिळणार. दुकानदारानं मशीन बघितलेलंच नसतं. मशीन कशापायी अडलंय हे मशीनच सांगतं, आणि ते बघायला पाच मिनिटं पुरतात.

सकाळी पीसी चालू केल्या केल्या बघू नका. रोजचं सगळं काम उघडा: टॅली, एक्सेल, क्रोममध्ये जीएसटीचं पोर्टल आणि व्हॉट्सॲप वेब. मशीन रडायला लागलं की कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्स टॅबवर जा. तिथं मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क, हे दोनच आलेख बघायचे.

घोटाळा इथंच होतो. डिस्क १०० टक्के दिसली की माणूस म्हणतो, हार्डडिस्क बदला. पण रॅम संपली की विंडोज रॅममधला मजकूर डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये टाकतं आणि लागेल तेव्हा परत ओढतं. म्हणजे दुखणं रॅमचं आणि ताप डिस्कला. दोन्ही वेगळं करायचं तर मेमरीच्या पानावरचा ‘कमिटेड’ आकडा बघा. तिथं दोन आकडे असतात. पहिला म्हणजे चालू प्रोग्रॅमना कबूल केलेली मेमरी, दुसरा म्हणजे रॅम आणि पेजफाइल मिळून असलेली मर्यादा. ८ जीबी रॅमच्या मशीनवर पहिला आकडा ६-७ असेल तर रॅम पुरतेय. तोच १२-१३ वर गेला असेल तर नाही. थोडाफार पुढे गेला तर घाबरायचं कारण नाही, प्रोग्रॅम मागतात तेवढं सगळं वापरत नाहीत. खाली ‘कॅश्ड’ म्हणून जो आकडा दिसतो तो बघून तर अजिबात घाबरू नका. मोकळी रॅम विंडोज मुद्दाम भरून ठेवतं आणि कुणी मागितली की लगेच सोडतं.

पक्की खात्री हवी तर विंडोजमधलाच रिसोर्स मॉनिटर उघडा, डिस्क टॅबवर जा आणि कुठली फाइल सगळ्यात जास्त वाचली-लिहिली जातेय ते बघा. पेजफाइल सतत वर दिसत असेल तर रॅम घ्या. तिथं विंडोज अपडेट, अँटिव्हायरस, सर्च इंडेक्स, क्रोमचे फोल्डर अशी सरमिसळ असेल आणि कमिटेड आकडा आवाक्यात असेल, तर हार्डडिस्कच अपुरी पडतेय. मग एसएसडी.

हार्डडिस्क का अपुरी पडते याचा हिशेब सोपा आहे. ७२०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी एक फेरा ८.३ मिलिसेकंदात घेते, म्हणजे हवी ती जागा खाली यायला सरासरी अर्धा फेरा, साधारण ४ मिलिसेकंद. त्यात वाचणारं हेड सरकायला ८-९ मिलिसेकंद. एका वाचनाला १२-१३ मिलिसेकंद गेले, तर सेकंदाला विखुरलेली जेमतेम ८० वाचनं होतात. आणि विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली विखुरलेल्याच असतात. एसएसडीत फिरणारं काही नसल्यानं तेच वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास होतं. डब्यावर ५५० एमबी प्रति सेकंद लिहिलेलं असतं, पण रोजच्या कामात जाणवतो तो हा विखुरलेल्या वाचनाचा फरक. म्हणूनच एच६१ चिपसेटच्या जुन्या मदरबोर्डावर, जिथं साटा पोर्टच (डिस्क जोडायच्या जागा) ३ गिगाबिटचे असल्यानं वेग निम्म्यावर येतो, तिथंही एसएसडीचा फरक डोळ्यांना दिसतो.

थोडक्यात, ८ जीबी रॅम आणि हार्डडिस्क असलेल्या ऑफिसच्या मशीनला एसएसडी आधी. ४ जीबी असेल तर दोन्ही लागणार. एकाचेच पैसे असतील तरी आधी एसएसडीच घ्या, कारण पेजफाइलही तिच्यावर जाते आणि रॅमची टंचाई निदान सुसह्य होते. रॅमएवढा वेग नाही मिळणार, पण माउस गोठायचा थांबेल.

फ्लेक्सच्या दुकानाचा मामला वेगळा. १० बाय २० फुटांचा फलक १०० डीपीआयला (इंचाला १०० पिक्सेल) केला तर २४,००० बाय १२,००० पिक्सेल होतात. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, एका पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे एक सपाट लेयरच एक जीबीच्या वर. त्यावर मंडळाच्या अध्यक्षांपासून आधारस्तंभांपर्यंत सगळ्यांचे कापलेले फोटो, सावल्या, ग्लो आणि अंडू करण्यासाठी राखलेली हिस्ट्री. फोटोशॉप मूळ सेटिंगमध्ये मोकळ्या रॅमपैकी ७० टक्केच घेतं, उरलेलं स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे डिस्कवरच्या तात्पुरत्या जागेत जातं. इथं १६ जीबीच्या खाली काम म्हणजे नुसती डोकेदुखी. रॅम आधी, आणि स्क्रॅचसाठी एसएसडी त्यामागोमाग. आणि एक फुकटातला अपग्रेड: एवढा फलक रस्त्यापलीकडून बघायचा असतो, तो ७२ डीपीआयला करा. लेयर निम्म्यावर येतो.

उद्यमनगरातल्या कारखान्यात ऑटोकॅडची साधी टूडी ड्रॉइंग चालत असतील तर ८ जीबी आणि एसएसडीवर भागतं. अनेक सुटे भाग जोडलेली थ्रीडी असेंब्ली उघडत असाल तर १६ पासून सुरुवात.

रॅम घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, विंडोज ३२ बिट आहे का. जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर किंवा जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर चालावं म्हणून कितीतरी ठिकाणी ३२ बिटच ठेवलेलं असतं. ते साडेतीन जीबीच्या आसपासच वापरतं, वरची रॅम नुसती शोभेला. दुसरी, रॅमचा प्रकार. डीडीआर३ ला २४० पिना, डीडीआर४ ला २८८, खाचही वेगळ्या जागी, त्यामुळे एकाची जागा दुसरी घेत नाही. रॅमची जुनी कांडी काढून स्टिकरचा फोटो काढा आणि तो दुकानात दाखवा. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या डीडीआर३ च्या काही ८ जीबी कांड्या फक्त एएमडी प्रोसेसरच्या बोर्डावर चालतात. वर्णनात ते बारीक अक्षरात असतं. इंटेलवर त्या लावल्या की डिस्प्लेच येत नाही.

दोन स्लॉट असतील तर सारख्या दोन कांड्या बऱ्या, ड्युअल चॅनेल मिळतो, म्हणजे दोन्ही कांड्या एकदम वापरल्या जातात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला त्याचा जास्त फायदा. वेग वेगवेगळा असेल तर दोन्ही कमी वेगावर चालतात, बिघडत काही नाही. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे सेकंड हँड कांडी घ्यायला हरकत नाही. फक्त रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावा आणि एकही एरर आली तर परत करा. एसएसडी मात्र नवीच, बिलावर सीरियल नंबर लिहून घेऊन.

तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या आय३, आय५ वर खर्च करताना हेही बघा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. अशा मशीनमध्ये घातलेली डीडीआर३ बोर्डाबरोबरच भंगारात जाणार. साटा एसएसडी काढून उद्या नव्या मशीनला लावता येते.

बसवताना बहुतेकांचं अडतं ते असं. नव्या एसएसडीवर विंडोज टाकताना जुनी हार्डडिस्क जोडलेलीच राहते आणि बूटची फाइल गुपचूप त्या जुन्या डिस्कवर जाते. सहा महिन्यांनी जुनी डिस्क काढली की मशीन सुरूच होत नाही. म्हणून इन्स्टॉल करताना फक्त एसएसडी जोडा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग) साटा मोड जुना आयडीई असेल तर एएचसीआय करा, तेही इन्स्टॉलच्या आधी. नंतर बदलला तर निळा पडदा येतो. साटा पॉवरची पिन शिल्लक नसेल तर मोलेक्सचा (जुन्या चार पिनांच्या पॉवर वायरचा) कन्व्हर्टर लागतो. त्यातला एकसंध ओतीव प्लॅस्टिकचा स्वस्त प्रकार टाळा, आतल्या तारा शॉर्ट होऊन जळतात.

रॅम लावल्यावर डिस्प्ले आला नाही तर लगेच बोर्ड गेला असं समजू नका. वायर काढून पॉवर बटण दहा सेकंद दाबा, कांडीचे सोनेरी पट्टे खोडरबरानं पुसा आणि क्लिप खट्ट वाजेपर्यंत दाबून बसवा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत जुन्या कांडीलाही हाच उपाय लागू पडतो. डीडीआर४, डीडीआर५ पहिल्यांदा लावल्यावर मिनिटभर काळा पडदा राहू शकतो, तेवढं थांबा.

क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर करायची असेल तर आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जुनी डिस्क बघा. ‘पेंडिंग सेक्टर’ (नीट वाचता न येणारे तुकडे) शून्याच्या वर असेल तर क्लोन मध्येच अडकतं. तेव्हा क्लोनचा नाद सोडा, टॅलीचा डेटा आणि फोटो आधी कॉपी करा, विंडोज नवं टाका. डिस्क ठणठणीत असेल तर नंतर बॅकअपला वापरा, पण त्याच कॅबिनेटमध्ये ठेवली तर तो बॅकअप नव्हे. २०१९ आणि २०२१ ला शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी शिरलं होतं. तळमजल्यावर ऑफिस असेल तर ती डिस्क वरच्या मजल्यावर किंवा घरी न्या.