टपाल सेवेला कर्ज देणे म्हणजे मदत नव्हे

कोरोनाच्या पहिल्या लाटेत, मार्च 2020 मध्ये, अमेरिकी काँग्रेसने संमत केलेल्या मदत कायद्यात विमान कंपन्यांना पगार भागवण्यासाठी मिळालेल्या रकमेचा मोठा हिस्सा परत करायचा नव्हता. सार्वजनिक टपाल सेवेला मात्र जास्तीत जास्त 10 अब्ज डॉलर उसने घेण्याची मुभा मिळाली आणि तीही अर्थखात्याला मान्य होतील अशा अटींवर. याला मदत म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

ही सेवा एरवी रोजच्या खर्चासाठी करदात्यांचा पैसा घेत नाही, तिकिटांच्या आणि पार्सलांच्या उत्पन्नावर चालते. तरीही त्या वर्षीचे 55 सेंटचे तिकीट न्यूयॉर्कमधल्या शेजारच्या इमारतीला आणि अलास्कातल्या, केवळ विमानानेच गाठता येणाऱ्या खेड्याला सारखेच पुरत होते. असे बंधन कोणत्याही खाजगी कुरियर कंपनीवर नाही. त्यातच 2006 च्या कायद्याने निवृत्त कर्मचाऱ्यांच्या भावी आरोग्यखर्चासाठी वर्षाला सुमारे साडेपाच अब्ज डॉलर आगाऊ बाजूला काढण्याची सक्ती केली होती. ताळेबंदातला तोटा फुगला तो बराचसा या सक्तीमुळे, आणि मग त्याच तोट्याकडे बोट दाखवून अध्यक्ष ट्रम्प यांनी टपाल सेवेला ‘विनोद’ ठरवले.

2020 च्या सप्टेंबरअखेर टपाल सेवेची तिजोरी रिकामी होईल अशी जी भीती तेव्हा होती ती खरी ठरली नाही, हेही सांगितले पाहिजे; घरात अडकलेल्या लोकांनी इतकी पार्सले मागवली की पत्रांची घट बऱ्याच अंशी भरून निघाली. पण पैसे वाचवण्याच्या खटपटीत त्या उन्हाळ्यात जादा फेऱ्या कमी झाल्या आणि माल मागे राहिला तरी ट्रक वेळेवर सुटू लागले. मागे राहणाऱ्या त्या मालात औषधेही असत. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णसेवेतून बाह्यरुग्णांना दिली जाणारी सुमारे 80 टक्के औषधे टपालानेच घरी जातात, आणि रक्तदाबाच्या गोळ्या आठवडाभर उशिरा आल्या तर मधले दिवस कसे काढायचे, याचे उत्तर कुठल्याही ताळेबंदात नसते.

डिसेंबर 2020 मध्ये त्या 10 अब्जांच्या परतफेडीची अट काढण्यात आली. जानेवारी 2022 मध्ये घरोघरी मोफत कोरोना चाचणी संच पोचवायची वेळ आली, तेव्हा सरकारने ते काम याच सेवेकडे सोपवले. आगाऊ निधीची सक्ती रद्द करणाऱ्या कायद्यावर सही मात्र त्यानंतर, एप्रिलमध्ये झाली.