दोन तासांचा बाजार

माझ्या मोबाइलचा गजर दर दोन तासांनी वाजतो. तो झाला की ह्यांना कुशीवर वळवायचं. डावी कूस, पाठ, उजवी कूस, परत पाठ. सिव्हिलमधल्या सिस्टरनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ताई, दोन तासांच्या वर एका अंगावर ठेवायचं नाही. पाठीला जखम झाली की ती भरून यायला महिने लागतात." तेव्हापासून माझं सगळं जगणं दोन-दोन तासांच्या तुकड्यांत चाललंय.

हे एका टॉवेल कारखान्यात चेकिंगला होते. आमच्या सोलापुरात चादर आणि टॉवेल म्हणजे निम्म्या गावाचं पोट. 2023 च्या श्रावणात सकाळी दात घासताना हातातला ब्रश पडला, तोंड वाकडं झालं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पहिले चार दिवस एका खाजगी दवाखान्यात काढले. नाव घेत नाही. भिशीचे पैसे, मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेले पैसे आणि माझ्या पाटल्या त्या चार दिवसांत गेल्या. मग सिव्हिलला आणलं. तिथं मी दुपारी 10 रुपयांची शिवभोजन थाळी खायची. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. लाज वाटायची म्हणून पहिल्या दिवशी ओढणी तोंडावर घेऊन रांगेत उभी राहिले होते. तिसऱ्या दिवशी पुढच्या बाईला "भात संपला का हो?" म्हणून विचारत होते.

घरी आल्यावर खरा हिशेब सुरू झाला. कारखान्यातला पगार बंद, माझं शिलाईकाम तेवढं उरलं. त्यात एक गोष्ट अशी कळली की स्वस्त वस्तू एकतर लांब असते, नाहीतर उशिरा मिळते. मंडईत रात्री आठनंतर भाजीचे वाटे निम्म्या भावात देतात. मंगळवारच्या बाजारात कांदा-लसूण स्वस्त, पण गर्दीतून फिरून चार ठिकाणी भाव विचारायला सकाळ जाते. रेशनची रांग लांब. किराणा होलसेलमध्ये घ्यायचा तर दोन बस बदलायच्या. आणि माझ्याकडे दोन तास. जाणं-येणं धरून. म्हणून कितीतरी महिने मी कोपऱ्यावरच्या दुकानातून महागाचंच आणत होते. तो दुकानदार चांगला होता, उधार देत होता, पण उधारीत कोण भाव करतं?

सगळ्यात मोठा खर्च डायपरचा. एक 35 रुपयांना, दिवसाला तीन. महिन्याला 3 हजारांच्या वर नुसते डायपर! ह्यांच्या कारखान्यातले एक सहकारी भेटायला आले होते. जाताना दारात म्हणाले, "वहिनी, सेकंडचा माल किलोवर निघायलाय. बघा, चालतंय का." कडेचा धागा सुटलेला, रंग एकसारखा न बसलेला, कुठं तेलाचा डाग लागलेला टॉवेल म्हणजे सेकंड. दुकानात तो जात नाही, वजनावर जातो. 220 रुपये किलोनं आणला. मध्यम मापाचे आठ-नऊ बसतात किलोत. दोन-दोन एकावर एक ठेवून मशीनवर शिवले, दोन्ही बाजूंना जुन्या परकराच्या नाड्या लावल्या. पलंगावर मेणकापड, त्यावर आईची जुनी नऊवारी चौघडी घालून, त्यावर हा टॉवेल. दिवसा तेवढ्यावर भागतं. विकतचा डायपर आता फक्त रात्री, म्हणजे महिन्याचे 2 हजार वाचले.

पण टॉवेल धुवायचे कशात? आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना खरंच वाटत नाही. उजनी धरण भरलेलं असो नाहीतर रिकामं, आमच्या गल्लीत चार-पाच दिवसांआडच. त्यामुळे पाण्याला सुद्धा मी किमतीची वस्तू धरते. पहिलं खळबळलेलं पाणी संडासात. दुसऱ्यात गरम पाणी आणि धुण्याचा सोडा. सुटा सोडा किलोवर मिळतो, पावडरीच्या पुड्याहून कितीतरी स्वस्त, फक्त हाताची सालं निघतात म्हणून मी काठीनं ढवळते. तिसरं स्वच्छ पाणी फेकायचं नाही, ते दुसऱ्या दिवशीचं पहिलं पाणी. उन्हाळ्यात पाणी तापवायला गॅस लागत नाही, पत्र्यावर काळी बादली ठेवली की अकरापर्यंत हात घालवत नाही. आणि टॉवेल तासाभरात असे कडक वाळतात की उभे राहतील. सोलापूरच्या उन्हाला आयुष्यभर शिव्या दिल्या, आता एप्रिल आला की हायसं वाटतं.

पलंगावरची हवेची गादी विकत घेतलेली नाही. आमच्या जवळच्या एका मंडळाकडं रुग्णांचं साहित्य असतं. वॉकर, व्हीलचेअर, गादी. अनामत भरायची, वस्तू परत केली की अनामत परत. ही सोय कितीतरी गावांत असते, फक्त बोर्ड छोटा असतो आणि आपण कधी वर बघत नाही. शौचाची खुर्ची मात्र पुतण्यानं घरीच केली. प्लॅस्टिकच्या खुर्चीची बैठक गोल कापली, कडेला सायकलची जुनी ट्यूब चिकटवली, खाली बादली. नव्या खुर्चीची किंमत मी विचारलीसुद्धा नाही.

औषधांचं कळायला मला वर्ष लागलं याचा अजून राग येतो. क्लोपिडोग्रेल आणि अॅटोर्व्हास्टॅटिन ही नावं मला येतील असं कुणाला वाटलं असतं? गोळीच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं आणि बारीक अक्षरात औषधाचं. जनऔषधी केंद्रात, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानात, बारीक अक्षरातलं नाव चालतं. मी डॉक्टरांना म्हटलं, "साहेब, चिठ्ठीवर औषधाचं खरं नाव लिहा ना." त्यांनी हसून लिहून दिलं. रिकामी पट्टी मी अजूनही पर्समध्ये ठेवते, म्हणजे ताकद चुकत नाही, 10 की 20. बिल तिसऱ्या हिश्श्यावर आलं. मुलीसाठी पॅडही तिथूनच, एक रुपयाला एक. एखाद वेळी गोळी शिल्लक नसते, म्हणून संपायच्या आठ दिवस आधी जायचं. लाडक्या बहिणीचे दीड हजार आले की पहिली पिशवी तिथं जाते.

रेशनचं सांगू का? आमचं केशरी कार्ड. शहरात प्राधान्य कुटुंबाला वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा 59 हजार, आणि ह्यांचा पगार त्याच्या वर, म्हणून धान्य कधीच मिळालं नव्हतं. पगार थांबला तेव्हा अर्ज केला, तर म्हणाले इष्टांक भरलाय. इष्टांक म्हणजे ठरलेली जागा. कुणाचं तरी नाव निघाल्यावर आपलं चढणार. कुणाचं निघालं असेल, याचा मी फार विचार करत नाही. सात महिन्यांनी चढलं. माणशी 5 किलो, आम्ही तिघं, 15 किलो गहू-तांदूळ, फुकट. मग ई-केवायसी आलं. दुकानातलं मशीन मागणार अंगठा, आणि हे पलंगावर. मुलीनं मोबाइलवर चेहऱ्याचं अॅप लावलं. त्यात डोळे मिचकवायचे असतात. हे एकटक बघत बसले. ती म्हणाली, "पप्पा, डोळा मारा की!" आणि हे हसले. अर्ध्या तोंडानं, पण हसले. त्या हसण्यात डोळे मिटले आणि केवायसी झालं.

जेवणात यांना घास अडकतो, म्हणून ज्वारीच्या कण्या आणि आंबील. दळणाच्या गिरणीत कण्या भरडून मिळतात. रुग्णाच्या नावानं विकतात त्या डब्यातल्या पावडरीचा भाव ऐकून मी दुकानातून बाहेर आले होते. आम्हा दोघींना कडक भाकरी. रविवारी मुलगी ह्यांच्याजवळ बसते तेव्हा एकदम वीस-पंचवीस थापून, पापडासारख्या वाळवून ठेवते. शेंगाचटणी असली की आठवडा जातो, आणि रोज चुलीपुढचा अर्धा तास वाचतो. अजून एक सांगते. मोठी वस्तू घेतली की स्वस्त पडते हे शॅम्पूला लागू नाही. रुपयाच्या पुड्या बाटलीहून स्वस्त पडतात. मापं काढून बघा. मी काढलीत, रात्री झोप येत नाही तेव्हा असलंच काहीतरी करते.

दोन तासांचे तीन झाले ते समोरच्या अक्कामुळे. तेलुगू घर, विड्या वळतात. सूप मांडीवर घेऊन त्या कुठंही बसू शकतात. एकदा म्हणाल्या, "मी हितं बसून वळू की घरी बसून, विडी तेवढीच होणार. तू जा की." गजर झाला की सूप खाली ठेवतात आणि ह्यांना वळवतात, मी दाखवलंय तसं. मी त्यांचे ब्लाउज शिवते. पैशाचं त्या बोलत नाहीत, मीही नाही. त्यामुळे मंगळवारचा बाजार मला परत मिळाला. परवा 30 रुपयांत पाच जुड्या मेथी आणली.

काल टॉवेलचा नवा लॉट आणला. पिशवी पलंगावर रिकामी केली आणि पाणी प्यायला आत गेले. आले तर ह्यांचा डावा हात टॉवेलांवरून फिरत होता. सावकाश, बोटांची पेरं टेकवून, बावीस वर्षं फिरवला तसा. एकावर थांबले. मी जवळ जाऊन बघितलं, मला काहीच दिसलं नाही. त्यांनी माझं बोट धरून त्या जागेवर नेलं. एक फास सुटलेला होता, मोहरीएवढा.

"सेकंड," म्हणाले. स्पष्ट.

तो मी शिवायला घेतला नाही. वर ठेवलाय.