वीस तारीख होईपर्यंत विक्रीचा मेल नाही : आमची वाटचाल

लातूरच्या मार्केट यार्डाजवळ आमचं छोटं ऑफिस आहे, मी आणि माझा मावसभाऊ असे दोघंच. आम्ही एक्सेलच्या तयार शीट्सचा संच विकतो. जीएसटी पोर्टलवर आलेलं जीएसटीआर-२बी (आपल्याला माल विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी) आणि आपल्या खरेदीची नोंद टाकली की कोणत्या बिलाचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) आलं, कोणतं राहिलं, कोणत्या पार्टीला फोन लावायचा हे दाखवणारी मुख्य शीट, आणि सोबत उधारी-वसुली, टीडीएस, आडतीच्या पट्ट्या अशा बाकीच्या. घेणारे म्हणजे आडत दुकानातले अकाउंटंट, उदगीर-अहमदपूर-परळीकडचे टॅक्स प्रॅक्टिशनर, खत-बियाणं नाहीतर हार्डवेअरची दुकानं जिथं घरातली सून किंवा पोरगीच हिशोब बघते.

मी आधी एका सीएच्या ऑफिसात होते. २०२० च्या ऑगस्टपासून २बी यायला लागलं आणि १ जानेवारी २०२२ पासून नियमच झाला की समोरच्यानं बिल दाखवलं, ते २बीत आलं, तरच क्रेडिट. तेव्हापासून दर महिन्याला लोक दोन याद्या समोर ठेवून बोटानं बिलं जुळवत बसायचे, रात्री उशिरापर्यंत. त्यातूनच ही शीट झाली. एका महिन्यापुरती चालणारी छोटी शीट आम्ही फुकट द्यायला लागलो, फक्त ईमेल द्यायचा, आणि तसंच हळूहळू आमची यादी वाढत गेली.

इकडं मेल कोण बघतंय, व्हॉट्सअपवर टाका की, असं सगळेच म्हणतात. पण आमचा ग्राहक मेल बघतो कारण त्याला बघावंच लागतं, जीएसटीचा ओटीपी तिथं, नोटीस आल्याची खबर तिथं, बँकेचं स्टेटमेंट तिथं. व्हॉट्सअपचा मेसेज दुपारपर्यंत वर सरकून गेलेला असतो आणि मेल मात्र सहा महिन्यांनी पण शोधला की सापडतो, मार्चमधला मेल उघडून त्यातल्याच लिंकवरून सप्टेंबरमध्ये पैसे भरलेली माणसं आहेत आमच्याकडं.

आता खरी गोष्ट, मेल कधी पाठवायचा. आम्ही प्लॅन करतो ते त्या अकाउंटंटच्या महिन्यावरून. ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), १४ ला २बी तयार, २० ला ३बी (टॅक्स भरायचं विवरण), आणि तीन महिन्यांनी भरणारे जे आहेत त्यांची आपल्या महाराष्ट्रात २२. मग १४-१५ ला आमचा एक मेल जातो ज्यात भाव नसतो, खरेदीची लिंक नसते, नुसतं एवढंच की २बी आलंय, या महिन्यात आधी हे तपासा, क्रेडिट नोट बघा, मागच्या महिन्यात राहिलेलं बिल आता आलंय का बघा. १६ ते २० आम्ही गप्प. एकदम गप्प. त्या दिवसांत त्या माणसाच्या टेबलावर फायलींचा ढीग असतो, पोर्टल हळू चालत असतं, शेठ विचारत असतात टॅक्स किती बसतोय, आणि तेव्हा आपण ऑफर घेऊन दारात उभं राहायचं हे मला पटतच नाही. विक्रीचा मेल २३ नंतर. तेव्हा हात मोकळा असतो आणि चार दिवसांपूर्वी झालेला त्रास अजून डोक्यात ताजा असतो, त्याला समजावून सांगावं लागत नाही.

आणखी एक. आमचा मेल वाचणारा वेगळा आणि पैसे देणारा वेगळा. अकाउंटंटला शीट आवडते पण ७९९ रुपयांसाठी शेठला विचारावं लागतं, आणि शेठ दहा मेल वाचत बसणार नाहीत. म्हणून विक्रीच्या प्रत्येक मेलमध्ये खाली तीन ओळी फक्त शेठसाठी असतात, साध्या मराठीत, की यानं किती वेळ वाचेल, क्रेडिट अडकलं तर कसं कळेल, भाव किती आणि जीएसटीचं बिल मिळेल. अकाउंटंट त्या ओळी कॉपी करून शेठला व्हॉट्सअप करतो. एका आडतीवरच्या काकांनी फोन करून सांगितलं, "ताई, ते खालचं तेवढं बरं लिहायलात बगा, मला काई बोलायचंच काम पडलं नाही." आमच्या सगळ्या मेहनतीत सगळ्यात जास्त उपयोगाला आलेली गोष्ट हीच म्हणाल तरी चालेल.

मोठी ऑफर वर्षात दोनदाच, मार्चच्या शेवटी आणि दिवाळीनंतर. मार्चची तर आपोआप जमते कारण १ एप्रिलपासून नवीन वर्ष, बिलांची नवीन सिरीज, सगळ्यांनाच नवी फाइल उघडायची असते. चार मेल जातात. पहिल्यात वर्ष बंद करताना काय काय बघायचं त्याची यादी, दुसऱ्यात एक शीट भरून दाखवलेली, खोट्या आकड्यांची पण आडतीचीच, तिसऱ्यात भाव आणि लिंक, आणि चौथा शेवटच्या दिवशी सकाळी. ज्यानं घेतलं त्याला त्याच दिवशी विक्रीच्या यादीतून काढायचं, पैसे भरलेल्या माणसाला "अजून घेतलं नाही?" असा मेल जाणं म्हणजे त्याचा अपमान आहे. आणि १ एप्रिलपासून भाव वाढणार असं लिहिलं तर वाढवतोच, दोन एप्रिलला कुणी फोन केला, ओळखीचा असला तरी नवीनच भाव. "फक्त दोन तास बाकी" वालं घड्याळ जे प्रत्येक वेळी उघडलं की परत सुरू होतं, ते आम्ही लावत नाही.

तारखा सरकल्या की आम्ही पण सरकतो. २०२५ च्या दिवाळीत ३बी ची तारीख २० वरून २५ ऑक्टोबर झाली, तर आमचे ठरलेले मेल सगळे पुढं ढकलले, भाऊबीज २३ ला होती, लोक गावाकडं, मग २७ नंतरच सुरू केलं. येळवशीला (वेळ अमावस्येला) तर मेल नाहीच, त्या दिवशी अर्धं लातूर शेतात भज्जी-आंबील खायला गेलेलं असतं आणि आम्ही पण तिथंच असतो.

त्याच वर्षी २२ सप्टेंबरला जीएसटीचे दर बदलले, १२ आणि २८ चे टप्पे बहुतेक गेले, ५ आणि १८ राहिले. घटस्थापनेचा दिवस. पोरं तुळजापूरहून ज्योत घेऊन पळत येत होती आणि आम्ही ऑफिसात दरांचे कॉलम बदलत बसलो होतो. जुन्या सगळ्या ग्राहकांना नवीन शीट फुकट पाठवली, सोबत एवढंच लिहिलं की २१ पर्यंतची बिलं आणि २२ पासूनची बिलं कशी वेगळी दिसतील. त्या मेलमध्ये विकायला काहीच नव्हतं. पण तो मेल लोकांनी इतका पुढं पाठवला की नांदेड, परभणी, बीडकडून नवीन नावं यायला लागली, आणि दिवाळीनंतरच्या ऑफरमध्ये घेणारे बरेच त्यातलेच होते.

टेक्निकल बाजू भाऊ बघतो, थोडक्यात सांगते. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० च्या पुढं पाठवता येत नाही, म्हणून स्वतःचं डोमेन घेतलं, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच आमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या सेटिंग) तिन्ही लावलं. २०२४ पासून गूगलनं दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांना एका क्लिकवर यादीतून बाहेर पडायची सोय सक्तीची केली, आपण तेवढे मोठे नाही तरी आम्ही ती ठेवलीय, ज्याला नको त्याला जाऊ द्यावं, स्पॅममध्ये टाकण्यापेक्षा बरं. शीट मेलला जोडत नाही, लिंक देतो. आणि शीटमध्ये मॅक्रो (आत बसवलेला छोटा प्रोग्राम) अजिबात नाही, कारण २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलचे मॅक्रो ऑफिस स्वतःच अडवतं, मग गावाकडचा माणूस लाल पट्टी बघून व्हायरस आला म्हणून घाबरतो. किती जणांनी मेल उघडला हा आकडा आम्ही फार धरत नाही, उत्तर किती आले ते बघतो. उत्तरातला प्रत्येक प्रश्न वहीत लिहितो आणि पुढच्या १४ तारखेचा मेल त्यातूनच निघतो.

सध्या काम चालू आहे ते खत-बियाणं दुकानदारांसाठी वेगळी शीट करायचं. त्यांची गर्दी मे-जूनमध्ये, तेव्हा त्यांना मान वर करायला वेळ नसतो, म्हणून त्यांचा पहिला मेल एप्रिलच्या २३ तारखेनंतर आणि दुसरा थेट पेरण्या उरकल्यावर, असं ठरवलंय.