वाघोलीला बसने जाताना थांब्याचं नाव सांगा

"वाघोलीत कुठं?" कंडक्टरने विचारलं आणि माझी पंचाईत झाली. मी आपली "दोन वाघोली" म्हणून मोकळी झाले होते. पूर्वी मावशीकडे यायचे तेव्हा एवढ्यावर भागायचं. आता उबाळेनगरपासून केसनंद फाट्यापर्यंत सगळी वाघोलीच, आणि 2021पासून तीही पुणे महापालिकेत. मागे माणसं खोळंबलेली, म्हणून घाईत "केसनंद फाटा द्या" म्हटलं. खरं तर आईला वाघेश्वराला न्यायचं होतं. देऊळ खिडकीतून मागे सरकलं तेव्हा आईने नुसतं माझ्याकडे पाहिलं. फाट्यावर उतरलो आणि उन्हातून, खडीच्या डंपरांची धूळ खात उलटे चालत आलो.

तुम्ही जाणार असाल तर थेट 'वाघेश्वर मंदिर' असं सांगा. आम्ही मेट्रोने रामवाडीपर्यंत गेलो, खाली नगर रोडवर पीएमपीची बस धरली. बंडगार्डन, येरवड्याची गर्दी त्यामुळे डोक्यावरूनच टळते. पुढे खराडी बायपासला मात्र मेट्रोवाला काय नि बसवाला काय, सगळे सारखेच अडकतात. रविवारी नऊच्या आत निघालात तर बरं. जून 2025पासून पहिल्या पाच किलोमीटरला दहा, दहा किलोमीटरपर्यंत वीस रुपये असे तिकिटाचे टप्पे आहेत. कंडक्टरकडे क्यूआर असतो, पण भरल्या बसमध्ये एका हाताने दांडा धरून फोन काढण्यापेक्षा मुठीत सुटे असलेले बरे. दिवसभर हिंडायचं असेल तर पुणे आणि पिंपरी-चिंचवड अशा दोन्ही महापालिकांच्या हद्दीत चालणारा सत्तरचा पास घ्या. लोणीकंदकडे जायचं तर तो चालत नाही, त्याला दीडशेचा लागतो.

देवळात शिरलं की रस्त्याचा आवाज एकदम कमी होतो. मराठा सरदार पिलाजी जाधवरावांची समाधी जवळच आहे, ती बघितल्याशिवाय परतू नका. आई तिथे गार दगडावर बराच वेळ टेकली. सकाळच्या पायपिटीची भरपाई बहुतेक.

परतताना वाघेश्वरच्या थांब्यावर आलेल्या दोन बस आधीच भरलेल्या. म्हातारी माणसं सोबत असतील तर रिक्षाने मागे केसनंद फाट्यावर जाऊन बस धरा, जागा मिळायची शक्यता तिथेच जास्त. आम्ही तिसरीत उभ्यानेच शिरलो. कंडक्टर आला, मी पर्स उघडेपर्यंत आईच म्हणाली, "दोन रामवाडी. मेट्रोचा जिना आहे ना, तिथं."