दादाचा आजार आणि शिधापत्रिकेत न दिसलेले नाव

माझ्या मोठ्या भावाला, म्हणजे दादाला, गालाच्या आतल्या बाजूला कर्करोग झाला. त्याच्यावरचे सगळे उपचार नागपुरातच झाले आणि आज तो घरी आहे, वरण-भात कालवून स्वतःच्या हाताने जेवतो. डॉक्टर, परिचारिका किंवा किरणोपचार विभागातील माणसे यांच्याविषयी माझी कसलीही तक्रार नाही. निदान झाल्यापासून शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत आम्हाला ज्याने अडवून धरले तो एक सरकारी कागद होता. त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

दादा इतवारीतल्या एका ठोक दुकानात हिशेब लिहितो. नोकरी खासगी, विमा नाही. विदर्भातल्या असंख्य पुरुषांप्रमाणे त्यालाही खर्ऱ्याची सवय होती. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून पन्नीत बांधलेली ती पुडी वर्षानुवर्षे गालात धरली की तिथेच पांढरा चट्टा उमटतो, तोंड कमी उघडू लागते आणि पुढे जखम होते. त्याच्या बाबतीत नेमके हेच घडले. तपासणीसाठी तुकडा काढला, सीटी स्कॅन झाला, आणि आधी शस्त्रक्रिया, मग किरणोपचार असे ठरले. हे सर्व भराभर झाले. या सुरुवातीच्या तपासण्यांचा खर्च आम्ही पदरचा केला, कारण सरकारी आरोग्य योजनेची मंजुरी त्यानंतरची गोष्ट असते; हे पैसे प्रत्येक घराने वेगळे धरून ठेवावेत.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आता एका कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि जुलै 2024 पासून पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांबरोबर पांढऱ्या शिधापत्रिकेची कुटुंबेही तिच्यात आली आहेत. आमची केशरी. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. तिथे शिधापत्रिका आणि आधार दाखवायचे, तो ऑनलाइन नोंद तपासतो आणि रुग्णालयाकडून मंजुरीचा प्रस्ताव जातो. आरोग्यमित्राने बारा अंकी क्रमांक टाकला. पडद्यावर आई आली, वहिनी आली, दोन्ही मुले आली. दादा आला नाही. हातातल्या पुस्तिकेत त्याचे नाव दुसऱ्या ओळीवर निळ्या शाईत लिहिलेले होते, त्यावर कार्यालयाचा गोल शिक्का होता. आरोग्यमित्र भला माणूस होता, तो म्हणाला, "ताई, पुस्तिकेत असून चालत नाही, ऑनलाइन दिसलं पाहिजे."

इथून जे सुरू झाले ते मी सविस्तर लिहिते, कारण ज्यांच्या घरात आज अहवाल हाती आला असेल त्यांना याच खिडकीशी जावे लागण्याची शक्यता आहे.

शहरातल्या शिधावाटप कार्यालयात मी नाव वाढवण्याचा अर्ज दिला. संगणकावर बसलेल्या माणसाने सांगितले की दादाचा आधार क्रमांक दुसऱ्या कुठल्यातरी शिधापत्रिकेला जोडलेला आहे, तिथून नाव कमी झाल्याशिवाय इथे चढणार नाही. दुसरी शिधापत्रिका म्हणजे कोणती, हे त्याने सांगितले नाही. आमचे मूळ गाव जिल्ह्यातच आहे, तेव्हा मी तिथल्या तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत गेले. तिथे उत्तर मिळाले की आमच्या कुटुंबाची शिधापत्रिका केव्हाच नागपूरला गेली, आता आमच्याकडे काहीच नाही, कमी करायला नावच नाही. मी म्हटले, तसे लेखी द्या. लेखी देण्याची पद्धत नाही, असे ऐकावे लागले. नागपूरला परत आले तर म्हणतात, लेखी आणा. कधी सर्व्हर बंद, कधी ज्यांच्या लॉगिनवरून काम होते ते साहेब बैठकीला गेलेले. दोन्ही खिडक्यांवरची माणसे आपापल्या जागी बरोबरच बोलत होती, आणि दोघांच्या मध्ये माझा भाऊ तोंडात जखम घेऊन बसलेला होता. कर्करोगाच्या रुग्णाचा एकेक आठवडा मोलाचा असतो, हे त्या खिडकीच्या पलीकडे कोणालाच ठाऊक नव्हते असे मला म्हणवत नाही. ठाऊक असूनही कोणी खुर्चीवरून उठले नाही, याचाच मला संताप आहे.

मार्ग निघाला तो दोन गोष्टींमुळे. रुग्णालयातल्या समाजसेविकेने सांगितले की शस्त्रक्रियेची संभाव्य तारीख आणि "उपचारास विलंब झाल्यास धोका संभवतो" असे स्पष्ट वाक्य असलेले पत्र डॉक्टरांकडून शिक्क्यासह घ्या आणि ते अर्जाला जोडा. ते पत्र घेऊन मी नागपूरच्या कार्यालयात थेट अधिकाऱ्यांसमोर उभी राहिले आणि विनंती केली की पडदा माझ्याकडे वळवा, मला तो संदेश स्वतः वाचायचा आहे. त्यांनी वळवला. त्या लाल अक्षरांच्या ओळीत दुसऱ्या शिधापत्रिकेचा पूर्ण बारा अंकी क्रमांक होता. इतके दिवस तो तिथेच होता आणि कोणी तो वाचून दाखवला नव्हता. मी तो उतरवून घेतला आणि गावच्या तहसीलमध्ये दिला, तेव्हा उलगडले की ती आमच्या दिवंगत आजोबांच्या नावाची जुनी शिधापत्रिका होती आणि संगणकीकरणाच्या वेळी दादाचा आधार तिला जोडला गेला होता. क्रमांक हाती पडल्यावर नाव तिथल्या तिथे कमी झाले. डॉक्टरांचे पत्र वाचून नायब तहसीलदारांनी स्वतः उठून संगणकाजवळ येऊन काम करवून घेतले, त्यांचे आभार मानल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. नागपूरला नाव चढले, आरोग्यमित्राच्या पडद्यावर दादा दिसला आणि मंजुरी आली. तो संदेश फोनवर वाचताना मी रुग्णालयाच्या जिन्यातच बसले आणि रडले.

म्हणून सांगते, कोणत्याही खिडकीवर "होत नाही" म्हटले की पडद्यावर नेमके काय लिहिले आहे ते विचारा आणि जसेच्या तसे उतरवून घ्या. प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. योजनेचा मदत क्रमांक 155388 आहे. तिथे तक्रार नोंदवली तर तिचा क्रमांक मिळतो आणि पुढच्या वेळी बोलताना तो उपयोगी पडतो.

या सगळ्या काळात दादाचे काय चालले होते, ते मला रोगापेक्षाही जास्त भीती घालत होते. तो फार बोलत नसे, पण भिंतीपलीकडून माझे आणि वहिनीचे फोनवरचे बोलणे त्याला ऐकू जात होते. एका रात्री त्याने मला म्हटले, "माझ्यावर नको घालवू पैसे, पोराच्या कॉलेजचे राहू दे." त्या दिवसापासून तो मुद्दाम कमी जेवू लागला. भेटायला येणारे नातेवाईक "खर्रा खाल्ला, मग होणारच" असे त्याच्यासमोर बोलत, आणि तो मान खाली घालून ऐके. मी ते दारातच बंद केले. जो दादाला दोष द्यायला येईल त्याने चहा घेऊन बाहेरच्या खोलीतूनच परत जावे, असे मी स्पष्ट सांगितले, आणि काका दुखावले तरी शब्द मागे घेतला नाही.

पैशांची काळजी मात्र दार लावून थांबत नाही. माझ्या लक्षात आले की त्याला काही न सांगितल्यामुळे तो सर्वांत वाईट तेच गृहीत धरतो आहे. मग मी पूर्ण फाइल त्याच्याच हातात दिली. आयुष्यभर हिशेब लिहिलेला माणूस. त्याने पावत्या तारखेप्रमाणे लावल्या, खर्चाची वही आखली, योजनेतून काय मिळणार आणि घरातून काय जाणार याचे दोन रकाने केले. घरच्या रकान्यात रिक्षाभाडे, सोबतच्या माणसाचे जेवण, नळीतून द्यायची पावडर आणि बुडालेला पगार एवढेच उरते हे त्याने स्वतः लिहिले, तेव्हा त्याचा चेहरा सैल झाला. वहिनीने गहाण ठेवायला काढलेल्या पाटल्या त्यानेच परत कपाटात ठेवायला लावल्या. शस्त्रक्रियेनंतर नाकात नळी होती, बोलता येत नव्हते, तेव्हा त्याने पाटीवर लिहिलेले पहिले वाक्य होते: मंजुरीचा कागद फाइलला लावला का?

किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस चालतात आणि तोंड सोलून निघाल्यासारखे होते; मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या दिवसभर कराव्या लागतात. किरणोपचारापूर्वी दातांच्या डॉक्टरांना अवश्य दाखवावे, कारण नंतर दात काढणे जोखमीचे ठरते. तोंड उघडण्याच्या व्यायामासाठी डॉक्टरांनी आइस्क्रीमच्या काड्यांची चळत दातांमध्ये धरायला सांगितली होती. दादा दर काही दिवसांनी तिच्यात एक काडी वाढवी आणि वहीत नोंद करी. रात्रीच्या व्यायामाला त्याचा मुलगा समोर बसे. त्या मुलाने आपण होऊन खर्रा सोडला. ज्याला एकट्याने जमत नसेल त्याच्यासाठी 1800112356 हा तंबाखू सोडण्याचा निःशुल्क क्रमांक आहे.

मुंबईला न्या, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आम्ही नेले नाही. मानेवाडा मार्गावरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट असताना प्रत्येकाला जाण्याची गरज नाही, असे माझे मत आहे. ज्यांना जावेच लागेल त्यांनी रेल्वेची सवलत घ्यावी: रुग्णालयाने विहित नमुन्यात प्रमाणपत्र दिले तर उपचारासाठीच्या प्रवासात कर्करुग्णाला शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात भाडे माफ असते आणि सोबतच्या एका व्यक्तीला 75 टक्के सवलत मिळते. आणखी एक राहिले. योजनेत न बसणाऱ्या उपचारांसाठी मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडे अर्ज करता येतो. त्याला रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक आणि 1 लाख 60 हजारांच्या आतील वार्षिक उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला लागतो, म्हणून सेतू केंद्रात त्या दाखल्याचा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाकून ठेवावा.

ज्यांच्या घरात आज कोणी आजारी नाही त्यांनीही "मेरा राशन" ॲप उघडून आधार क्रमांकाने आपल्या कुटुंबाची नोंद पाहावी. त्यात प्रत्येकाचे नाव आहे का आणि ते आधारवरच्या नावाशी अक्षरशः जुळते का, ते तपासावे. कोणाचे नाव नसेल तर अर्ज आजच द्यावा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.