तुम्ही विचारलंत म्हणून: उत्तर कोरियाला कधी जाणार?

मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या रांगेत कुणीतरी विचारतंच, "एवढे देश फिरलात, आता राहिलंय काय?" मी उत्तर कोरिया म्हणतो. मग पुढचे दोन प्रश्न ठरलेले. तिथं कशाला? आणि, जाऊ देतात का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. किम यांचं सरकार काय म्हणेल ते नंतर, आधी माझाच अमेरिकी पासपोर्ट नाही म्हणतो. १ सप्टेंबर २०१७ पासून अमेरिकी पासपोर्ट उत्तर कोरियात जायला, तिथं फिरायला किंवा तिथून पुढे कुठं जायलाही चालत नाही. ओटो वॉर्मबियर हा विद्यार्थी तिथं पर्यटक म्हणून गेला होता. हॉटेलातलं एक पोस्टर काढल्याच्या आरोपावरून त्याला १५ वर्षं सक्तमजुरी झाली. जून २०१७ मध्ये तो कोमात परत आला आणि आठवड्याभरात गेला. त्यानंतर ही बंदी आली. हुकूम एक वर्षाचाच असतो, पण दर वर्षी मुदत संपायच्या आत वाढवला जातो. पत्रकार, रेडक्रॉसची माणसं, मानवतेचं काही निकडीचं काम किंवा देशहिताचं काम, एवढ्यांनाच खास परवानगी मिळू शकते. "जनरल थोरात जिथं होते तो भाग बघायचाय" हे कारण यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

पण माझं कारण तेच आहे. मी कोल्हापूरचा. एस. पी. पी. थोरात आमच्या वडगावचे. १९५३ मध्ये कोरियात युद्धबंदी झाली तेव्हा मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या २२ हजारांहून जास्त कैद्यांचं करायचं काय, हा पेच होता. ते सांभाळायला भारताची फौज गेली, तिचे प्रमुख थोरात. या कैद्यांचा प्रश्न सोडवायला नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष आपलेच जनरल थिमय्या. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांचा भारतावर एवढा राग, की भारतीय सैनिकाचा पाय आमच्या जमिनीला लागता कामा नये म्हणाले. मग आपल्या जवानांना जहाजावरून हेलिकॉप्टरनं उचलून थेट दोन कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं गेलं. तिथं छावणी वसली, तिचं नाव हिंद नगर. कैद्यांनी एका भारतीय मेजरला धरून ठेवलं तेव्हा थोरात स्वतः काटेरी कुंपणाच्या आत गेले आणि त्याला सोडवून घेऊन आले. लहानपणी ही गोष्ट ऐकताना कोरिया म्हणजे पन्हाळ्यापलीकडचंच कुठलंतरी गाव वाटायचं.

दक्षिणेकडून जेवढं बघता येतं तेवढं बघून झालंय, कोविडच्या बऱ्याच आधी. तेव्हा सोलहून बस जायची. आत सोडायच्या आधी एका कागदावर सही घ्यायचे: तुम्ही शत्रूच्या टापूत शिरताय, शत्रूच्या कारवाईत जखमी व्हाल किंवा मराल, हे मान्य आहे. फाटकी जीन्स नको, पलीकडे बोट दाखवायचं नाही. मग दोन्ही बाजूंच्या बैठकांची ती सीमेवरची निळी बराक. मधोमध टेबल, त्यावर माइक, आणि माइकची वायर म्हणजे सीमारेषा. टेबलाला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेलं की तुम्ही उत्तर कोरियात. तिकडच्या दाराशी काळा चष्मा घातलेला दक्षिणेचा सैनिक मुठी वळून उभा, पापणी लवते का तेही कळत नाही. तेवढाच माझा उत्तर कोरिया. युद्धबंदीवर जिथं सह्या झाल्या ती इमारत त्या दारापलीकडे जेमतेम किलोमीटरभर. ती बघायची तर प्योंगयांगहून खाली यावं लागतं.

माझी तक्रार इथं आहे. त्या कागदावर मरणाची जोखीम माझ्या सहीनं मला घेऊ दिलीत, मग पलीकडच्या बाजूनं येतानाही घेऊ द्या की. इशारा द्या, विमा नाकारा, 'सोडवायला येणार नाही' असं लिहून घ्या. मनाई कशाला? कोर्टात जाऊनही उपयोग नाही म्हणा. १९६५ मध्ये क्यूबाला जाण्याबद्दलच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं असली देशवार बंदी उचलूनच धरली होती.

"मग इंडियन पासपोर्टवर जा ना!" हे सांगणारे भेटतातच. आधीचा माझा पासपोर्ट घरी आहे, रद्दचा शिक्का मारलेला. इथलं नागरिकत्व घेतलं की तो सरेंडर करावा लागतो, आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय हे कार्ड आहे, पासपोर्ट नाही. ज्या पासपोर्टला जगभर व्हिसासाठी हात जोडावे लागायचे, त्यावर बीजिंगच्या एजंटामार्फत प्योंगयांगला जाता यायचं. ज्याला सगळीकडे सलाम, त्यावर नाही.

दुसरा सल्ला हळू आवाजात मिळतो: ते लोक व्हिसा वेगळ्या कागदावर देतात, पासपोर्टवर शिक्का नाही, कळणार कुणाला? चीनमधून बाहेर पडल्याचा आणि परत आल्याचा शिक्का असतो ना! पासपोर्ट रद्द होऊ शकतो, खटला भरला जाऊ शकतो. शपथ घेऊन झालेल्या नागरिकानं असली हुशारी करू नये.

आणि माझी तर हौस आहे. आमच्या भागात कोरियन वस्ती मोठी. कपडे ऑल्टर करून देणाऱ्या आजींची धाकटी बहीण युद्धातल्या पळापळीत उत्तरेलाच राहिली. बहिणीला भेटणं हे कारण त्या परवानगीच्या यादीत सरळ नावानं नाही. 'मानवतेच्या कामा'त बसवून बघा, अर्ज करा, वाट बघा. पंचाऐंशी उलटलेल्या बाईला. मी थोरातांचं काही त्यांच्यापुढे काढत नाही.

कोल्हापुरातल्या चुलतभावाकडे भारतीय पासपोर्ट आहे. तिकडचं पर्यटन पुन्हा नीट सुरू झालं की माझ्या खर्चानं जाऊन ये, फोटो काढून आण, म्हटलं.

"तिथं काय करू जाऊन? त्यापेक्षा स्वित्झर्लंडचं तिकीट काढ की!"

सध्या तो शेंगेन व्हिसासाठी बँक स्टेटमेंटं गोळा करतोय.